काळ्या रंगाखालचे पाइप

रविवारी दुपारचे तीन वाजले तेव्हा लॉरेनला गाडीखाली शिरून सहा तास होऊन गेले होते. पाठीखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली मागल्या गल्लीची ओली फरशी, आणि डोळ्यांत गंजाचा चुरा. वय चोपन्न. या वयात बाईमाणसानं गाडीखाली लोळू नये, असं कुत्री फिरवायला निघालेले दोघे जण तिला सांगून गेले होते. नुसता पाना उचलून हातात द्यावा, हे मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

शुक्रवारी वर्षाच्या तपासणीत गाडी नापास झाली. मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही ब्रेकचे पाइप गंजलेत, दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणू नये. फेरतपासणी सोमवारी सकाळी आठला. दहाला तिनं डोंगरावरच्या वस्तीत मिसेस ट्विडलच्या दारात असायला हवं होतं. त्यांना अंथरुणातून उठवायचं, धुवायचं, लापशी भरवायची, आणि मग तशीच आणखी दहा घरं. तिकडे बस जात नाही. घरोघरी सेवेला बायका पाठवणाऱ्या कंपनीच्या बाईनं फोनवर सांगून टाकलं होतं, "सोमवारी गाडी नसेल तर तुझी घरं मी दुसरीला देते, लॉरेन. मग ती परत मिळतील असं धरून चालू नकोस हं." आवाज साखरेत घोळलेला. म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं ज्यांना काढावं लागत नाही त्यांचे आवाज असेच असतात.

तर गाडी उद्या पास व्हायलाच हवी होती.

काम तिला येत होतं. बाप खाणीत फिटर होता, आणि तो गाडीखाली शिरला की उजेडाला बॅटरी धरायला लॉरेनच लागायची. थोरला भाऊ मॅल्कम तेव्हा हात स्वच्छ ठेवून अभ्यास करायचा. तरी या गाडीनं तिचा जीव काढला. जुने नट पान्याला दाद देईनात, फिरवता फिरवता गोल झाले. शेवटी तिनं पाइपच कापले. नवा तांब्याचा पाइप जुन्याच्या वळणानं गुडघ्यावर वाकवला, जोड घट्ट बसावा म्हणून त्याचं तोंड फुलवलं, आणि मग बघते तर नट आत घालायचाच राहिलेला. फुललेल्या तोंडावरून नट जात नाही. तिनं बापाच्या ठेवणीतली एक शिवी हासडली, टोक कापलं आणि पुन्हा सुरुवात केली.

पण तिला खरी दमवणारी गोष्ट वेगळीच होती. अकराच्या सुमाराला तारेच्या ब्रशनं घासताना जुन्या पाइपवरचा काळा रंग निघाला. डांबरासारखा, जाड. आणि रंगाखाली गंजाचे पापुद्रे, बोटानं चिमटले तर हातात येणारे. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंड खातंच, त्यात कुणाचा दोष नाही. पण गंजावर रंग आपोआप चढत नाही. गाडी अकरा वर्षं मॅल्कमकडे होती, आणि त्यानं ती एप्रिलमध्ये तिला विकली. "घरच्या घरात," म्हणाला होता.

ती चार तास गप्प राहिली. कारण पाइप बसवून भागत नाही, आतली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक ब्रेकवर पाय ठेवून. शेजारणीचा गुडघा नुकताच बदललेला. उरला मॅल्कम. आणि मॅल्कमला जरा बोललं की तो उठून जातो. बापाच्या दफनानंतरच्या चहालासुद्धा सँडविचवरून रुसून निघून गेला होता.

आता तो धुतलेला स्वेटर घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता.

"अगं बये, किती वेळ? पाय झोपला माझा."

"पाय झोपू दे, तू जागा राहा. दाब."

"दाबला."

"धर."

तिनं चाकामागचा स्क्रू सैल केला. स्क्रूला लावलेल्या नळीतून ब्रेकचं तेल आणि बुडबुडे बरणीत आले. स्क्रू घट्ट.

"सोड."

डावं चाक झालं. ती रांगत उजव्या चाकाकडे गेली. बाटलीत चार बोटं तेल उरलं होतं.

"दाब. धर."

स्क्रू उघडला. तेल येऊ लागलं. आणि ठरवलेलं नसताना तिच्या तोंडून निघालं, "मॅल, पाइपला काळं तू फासलंस ना?"

वर सीट करकरली.

"विचारतेय मी. गंज दिसत होता तुला?"

नळीतलं तेल थांबलं, मग मागे ओढलं गेलं, आणि मागोमाग बुडबुड्यांची माळ आत गेली. त्यानं पाय उचलला होता.

लॉरेननं स्क्रू आवळला आणि कपाळ टायरला टेकवलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

"हवा घेतलीस आत," ती म्हणाली. "सगळं पुन्हा."

"दरवर्षी फासायचो," वरून आवाज आला. "दरवर्षी पास व्हायची. मला वाटलं, तू आपली गावातल्या गावात फिरवशील."

"मिसेस ट्विडलना मी याच गाडीतून दवाखान्यात नेते. चर्चजवळच्या उतारावरून. माझं सोड. त्या नव्वदीच्या बाईला वाटत होतं, गाडीला ब्रेक आहेत."

दार उघडलं. गेला, तिनं मनात म्हटलं. पण त्यानं नुसता पाय बाहेर काढून झटकला आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"कुठल्या चाकापासून?"

"पहिल्या."

तेल पुरलं, जेमतेम. पाच वाजता ब्रेक पायाखाली दगडासारखा झाला. तिनं गाडी जॅकवरून उतरवली आणि किल्ली मॅल्कमपुढे धरली.

"गल्लीच्या खालपर्यंत ने आणि थांबव."

मॅल्कमनं उतार पाहिला. खाली भाजीच्या वाफ्यांची दगडी भिंत होती. "नट सगळे नीट आवळलेस ना?"

"एप्रिलमध्ये मी तुला काही विचारलं होतं का?"

त्यानं किल्ली घेतली. मग बसला. गाडी घरंगळत खाली गेली, लाल दिवे लागले, गाडी थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली, भिंतीच्या बरंच अलीकडे. मागे घेत घेत तो वर आला, चेहरा पांढराफटक.

"थांबते," म्हणाला.

"माहीत आहे मला."

माफी त्यानं मागितली नाही. मागितली असती तरी उभं राहून ऐकण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं पाने गोळा केले, पुठ्ठा कचऱ्यात टाकला आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात घासायला आत गेली.