बठ्ठा गाव म्हनस

तोताराम पाटलांची उतरायला आलेली केळीची बाग रातोरात कोणीतरी आडवी केली, आणि उजाडेपर्यंत गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला. घड उतरवण्याच्या कामावर पोट भरणारा साकिब! चार दिवसांपूर्वी तोतारामांशी त्याची जुंपली होती, शिवाय सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग सापडले. आणखी काय हवे? पोलिसांनी त्याला उचलले. वाण्याने त्याच्या बायकोला, नाजमीनला, मीठसुद्धा देणे बंद केले.

तोतारामांचा भाचा प्रेमराज चोपड्याच्या कोर्टात वकिली करायचा. नाजमीन दारात आली तेव्हा त्याला शिसारीच आली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे तोडणाऱ्याचे वकीलपत्र घ्यायचे? साकिब त्या रात्री घरीच होता हे आधी सिद्ध कर, असे त्याने तिला बजावले. घरात आम्ही दोघेच होतो, ती म्हणाली. बायको असे म्हणणारच, म्हणून त्याने तिला वाटेला लावले.

हे सारे त्याने मोठ्या तोऱ्यात ज्येष्ठ वकील कोकिळाताईंना सांगितले. त्यांची नजर त्याच्या पँटवर गेली.

"हे डाग कसले?"

"रविवारी आमच्या बागेत गेलो होतो. केळीचा चीक आहे, धुतला तरी जात नाही."

"मग मामांची बाग तूच तोडलीस. नाही म्हणतोस? सिद्ध कर."

प्रेमराजने पँटवरचा डाग हाताने झाकला.

"झोपलेल्या माणसाने झोपल्याचा पुरावा आणायचा कुठून?" ताई म्हणाल्या. "जो आरोप करतो, त्याने तो शाबीत करायचा. एवढंही विसरलास, तर हा काळा कोट उतरवून ठेव."

संध्याकाळी तो मामांच्या ओट्यावर गेला. गाव जमले होते आणि एकाचेही कपडे बिनडागाचे नव्हते. चिकाचा डाग म्हणजे काय हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. त्याला किळस आली. त्यांची आली, त्याहून जास्त स्वतःची आली.

"मामा, तुम्ही साकिबला पाहिलं?"

"मी कोनलेच दखं नही. पन बठ्ठा गाव म्हनस."

सगळा गाव म्हणतो, म्हणजे नेमके कोण? त्याने एकेकाला विचारले. हा त्याच्याकडे बोट दाखवी, तो पलीकडच्याकडे. साऱ्या ओट्यावर पाहणारा एकही निघाला नाही!

"मंग त्यानी कापी नही, हाई तू छाती ठोकीसन सांगशी का?" मामांनी विचारले.

"नाही सांगणार. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आणि तरी आपण एका घराची मीठमिरची तोडली."

मामांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "सकाय मी येसू तुना संगे. दखं नही, हाई ठान्यावर सांगसू."

मामांनी तसा जबाब दिला, प्रेमराजने वकीलपत्र घेतले आणि साकिब जामिनावर सुटला. बाग कोणी तोडली, ते आजही कळलेले नाही. वाचकहो, आरोप शाबीत होईपर्यंत साकिब निर्दोषच आहे, आपल्याला तो आवडो वा न आवडो. ज्याने बोट दाखवले त्याने पुरावा द्यावा. तो नसेल, तर बोट खाली घ्यावे.