दगडूचं वय

१९८५ साली देवणीजवळच्या अंगणवाडीत वजनकाट्याच्या झोळीत लटकलेला दगडू मजेत पाय झाडत होता. वजन भरलं साडेआठ किलो. पण वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा तर वय लागतं, आणि अंगणवाडीच्या कावेरीबाईंचं घोडं तिथंच अडलं.

"लातूर जिल्हा झाला, त्याच साली झाला ह्यो," दगडूची आई म्हणाली. म्हणजे तीन वर्षांचा.

"न्हाई, हीर आटली त्या साली," आजी कोंडाबाई म्हणाली.

"आजी, हीर तर दरसाल आटती!" कावेरीबाई म्हणाल्या.

"मंग सून म्हणती तसं असंल."

"न्हाई, आत्याबाईच म्हणतात तसं," सून लगेच सासूकडं बघत म्हणाली.

कावेरीबाईंचं डोकं भणभणलं. पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. अंगावरून दिसतो तसा दोन वर्षांचा धरला तर पोर कुपोषणाच्या दुसऱ्या श्रेणीत, तीनचा धरला तर तिसऱ्या. आणि पोषणाची सुकडी दुप्पट मिळायची ती तिसऱ्या श्रेणीला. वैतागून त्यांनी हे सगळं मोठ्यानंच सांगितलं.

कोंडाबाईनं दगडूला झोळीतून उचलून कडेवर घेतलं.

"मंग जिल्ह्याच्याच सालचा लिवा, बाई. जिल्हा झाल्याचं लेकराला तेवढं तरी मिळू द्या."