लाल ठशांच्या मासोळीचा पर

मित्रांनो, मी एक जुना, पसरट लाकडी टब आहे. जपानमधल्या निगाताच्या डोंगरात रंगीत मासे पाळणाऱ्या एका घरी माझा मुक्काम असतो. या घरच्या तोराकिचींनी देवदाराच्या फळ्या तासून मला बांधले. पुढे निळे प्लॅस्टिकचे टब आले आणि माझा भाव उतरला, हे मी कबूल करतो. पण कुणा माशाचा पर फाटला की त्याला माझ्याच पाण्यात आणत. माझे लाकूड झिजून इतके गुळगुळीत झाले आहे की जखमी अंगाला ते टोचत नाही.

भाताला लोंब्या येत होत्या तेव्हा तोराकिची वारले. त्याच शरदात, मासे हिवाळ्यासाठी घरात आणायला डोंगरावरची तळी उपसली, तर एक पांढरी मासोळी जाळ्याच्या लोखंडी कडीवर आपटली. तिच्या पाठीवर तीन लाल ठसे होते. हजारो पिल्लांतून तोराकिचींनी स्वतः निवडलेल्यांपैकी ती एकटीच आता घरात उरली होती. तिचा डावा पर उभा चिरला होता आणि टोक मोडून लोंबत होते.

"वसंतात व्यापारी येईल. पर सरळ भरला तर नेईल, वाकडा भरला तर हातही लावणार नाही," तोराकिचींचा मुलगा योशिनोबू म्हणाला.

"आणि नाही नेली तर?" त्याच्या आईने, किनुयोआजींनी विचारले.

"मग काय, बसेल तुझ्याजवळ. मासा आहे तो, आई. नातवाकडे बघावं तशी काय बघतेस?"

"मग नातू दे की. त्याच्याकडे बघेन."

आजींनी माझ्यात कोमट पाणी ओतले, मीठ टाकले आणि चाखून पाहिले. मिसोच्या सूपपेक्षा जरा अळणी, हे त्यांचे माप. मोडके टोक कापले की पर नव्याने सरळ वाढतो, हे त्यांना पाठ होते. त्यांनी मासोळीच्या डोळ्यांवर ओले फडके ठेवले, तशी ती निपचित पडली. आजींनी कात्री हातात घेतली. मग ती तशीच माझ्या काठावर ठेवून दिली.

मित्रांनो, खरे सांगतो, मला आनंद झाला. कापले नाही तर पर वाकडा भरेल आणि मासोळी घरीच राहील. मलाही तेच हवे होते. दोन दिवस कात्री काठावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पराची कड भिजवलेल्या तांदळासारखी पांढरी पडली होती. मासोळी पर अंगाशी आवळून तळाला बसली होती. ते पाहून आजी माझ्या काठावर वाकल्या.

"माझ्यासाठी तुला सडवत होते गं मी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कात्री उकळून घेतली, कुजकी कड आणि मोडके टोक कापून टाकले, वर लाल औषध लावले. हिवाळाभर मासोळी घरातल्या हौदात राहिली. बर्फ छपराला टेकला तरी दर चार दिवसांनी आजी तिला औषधासाठी माझ्यात आणत. दर खेपेला पर थोडा वाढलेला असे आणि मी मनात म्हणे, जरा हळू वाढ गं.

बर्फ वितळला आणि व्यापारी आला. योशिनोबूने आधीच सांगून टाकले, की हिचा एक पर शरदात फाटला होता. व्यापाऱ्याने तिला माझ्यातच फिरवून फिरवून पाहिले.

"आजी, कुठला हो तो?"

"तुम्हीच शोधा."

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"मग झालं तर," आजी म्हणाल्या आणि पाठमोऱ्या होऊन मिठाचा डबा आवरू लागल्या.

तो तिला पिशवीत घालून घेऊन गेला. योशिनोबू मला उपडा करायला आला, तेव्हा आजी म्हणाल्या, "असू दे ते पाणी आजचा दिवस."

मला ती अजूनही हवी आहे. पण मित्रांनो, तुमच्या हाती कधी जखमी जीव आला, तर त्याला पूर्ण बरे करा. बरा झाला की तो जाणार, हे ठाऊक असले तरी करा. आम्ही दोन दिवस थांबलो होतो. तुम्ही तेवढेही थांबू नका.