चिपाडाच्या फळ्यांपुढे शेवटची ओरड

मी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेचा जुना लाउडस्पीकर आहे. मित्रांनो, माझ्या नशिबी ना वरात आली, ना गणपती. चार बोडक्या भिंतींच्या बंद खोलीत मी खच्चून ओरडायचं आणि एकदम गप्प व्हायचं. मग माझा आवाज किती वेळ घुमत राहतो, ते माइक ऐकतो. जमिनीवर ठेवलेली वस्तू माझा आवाज जितक्या लवकर गिळेल, तितकी ती चांगली.

नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत. गालिचे, पडदे, खुर्च्या, सगळ्यांपुढे मी ओरडलो. पुढे आवाज काढणारा माझा कागदी पडदा कडेने विरत गेला. खरं सांगतो, मी फार थकलो होतो. माझी काळजी करते ती एकटी स्वप्नाली. ती इंदापूरहून रोज एसटीने येते आणि इथल्या चाचण्या घेते.

गेल्या महिन्यात लासुर्ण्याच्या राजेश्वरीताई टेम्पो घेऊन आल्या. गावच्या शाळेचं नवं सभागृह पत्र्याचं. तिथे इतकं घुमतं, की ओरडून ओरडून सरांचा घसा बसतो आणि पोरांना तरी काही कळत नाही. ताईंच्या बचत गटातल्या बायकांनी उसाच्या चिपाडाच्या फळ्या दाबून केल्या होत्या. त्या पास झाल्या तर भिंतींना लागणार, नाहीतर शाळा पुण्याहून तयार माल आणणार आणि बायकांचं काम सुरू होण्याआधीच बंद पडणार.

मी जीव तोडून ओरडलो. पण आवाज मरेचना! फळ्यांवरून उसळून तो पुन्हा माझ्याच अंगावर येत राहिला. स्वप्नाली आत आली आणि फळीवर हात फिरवत खाली बसली. फळ्यांना चकचकीत निळा ऑइलपेंट होता, वर हळदीकुंकवाची बोटं.

"ताई, रंग कशाला दिला? आवाज आत शिरायची भोकंच बुजली की."

ताईंचा चेहरा पडला. "पयल्यांदाच गावाभाईर निघाल्या हुत्या. उघड्या अंगानं कशा धाडायच्या?"

मला त्यांचा राग आला नाही. लेकीला सासरी धाडावं, तसं त्यांनी नटवलं होतं. स्वप्नालीने एक फळी उलटली. पाठ कोरी होती; मागून कोण बघतंय, म्हणून रंग तिथवर गेलाच नव्हता. दोघींनी सगळ्या फळ्या पालथ्या केल्या.

मी पुन्हा ओरडलो. यावेळी आवाज चिपाडात शिरला आणि पाणी जिरावं तसा जिरला. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. चाचणी संपता संपता माझा पडदा टरकन फाटला.

"फळ्या पास झाल्या, ताई," स्वप्नाली म्हणाली.

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याला आता बसू द्या, बाई. लई ओरडला."

माझ्या जागी नवा आला आहे. मी कपाटावर आहे. फळ्या कोरी बाजू बाहेर ठेवून भिंतींना लागल्या आणि लासुर्ण्याच्या सरांना आता ओरडावं लागत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाला तरी दिवसभर मोठ्याने बोलावं लागत असेल. त्यांच्या पहिल्याच हाकेला ओ देत जा.