माहेरची द्राक्षं

काचेवर काठी पुन्हा आपटली. वाल्बुर्गाने वळूनही पाहिलं नाही.

"अगं थांब! मारशील त्या वेलीला!" खिडकीच्या फटीतून गोथार्ड, तिचा नवरा, ओरडला. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"मेली तर पुरेन," शिडीवरून ती म्हणाली आणि एक लांबलचक काडी कचकन कापली.

फेब्रुवारी संपत आला होता. दक्षिणेच्या भिंतीवर चढलेली ही वेल तिने लग्नानंतर माहेरून आणली होती. बापाने दिलेली काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून. बापाने निघताना एवढंच सांगितलं होतं, "प्रत्येक काडीवर कोंबांचे दोन डोळे ठेव, बाकी काप. जीव कळवळला तरी काप."

पण कात्री गोथार्डने ताब्यात घेतली. हे बायकांचं काम नव्हे म्हणे. छाटणी झाली की तो ती दारामागे उंच खिळ्याला टांगायचा, तिचा हात पोचणार नाही अशी. त्याला बाकावर सावली हवी, म्हणून काड्या लांबच लांब सोडायचा. पानांचं रान माजायचं आणि त्याखाली वाटाण्याएवढी आंबटढाण द्राक्षं. मग दोस्तांपुढे घोस नाचवत म्हणायचा, "खा, खा. बायकोच्या माहेरची आहेत, आंबट असणारच!" दोस्त खिदळायचे. त्यांच्यापुढे कांद्याचा खारा केक ठेवताना तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बापाच्या अंगणातल्या द्राक्षांची चव तिच्या जिभेवर होती, पण बाप कधीच गेला होता. तिची बाजू घ्यायला कोण उरलं होतं?

आज ती त्या प्रत्येक खिदळण्याचा हिशेब चुकता करत होती. संध्याकाळी भिंतीवर नुसतं खोड आणि आखूड खुंट उरले. गोथार्डने तिच्या हातचं सूप घेतलं नाही. नको तर नको, म्हणून तिने ते मांजराला घातलं.

सप्टेंबरात शेजारचा ऑटमार, त्या दोस्तांपैकीच एक, कुंपणावरून डोकावला. त्याने तिच्या टोपलीतला एक टपोरा मणी तोंडात टाकला आणि डोळेच मोठे केले.

"ही तीच वेल? अगं, साखर आहे नुसती!"

ती बोलणार, तोच चाकाच्या खुर्चीतून गोथार्ड म्हणाला, "होणारच! खिडकीतून एकेक काडी मी सांगत होतो. तिला काय कळतंय?"

ऑटमार हसला. तेच जुनं हसू. वाल्बुर्गाने टोपली खाली ठेवली.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "थांब, मारशील, असं ओरडत होतास तू. ऑटमार, ही माझ्या बापाची द्राक्षं आहेत. अशीच असतात ती."

ऑटमारचं हसू मावळलं. गोथार्ड मांडीवरच्या शालीच्या दशा ओढत राहिला.

ती घरात गेली. स्टुलावर चढून तिने, सवयीने पुन्हा उंच खिळ्यालाच टांगलेली, कात्री काढली, दारामागे आपल्या छातीच्या उंचीवर नवा खिळा ठोकला आणि तिथे टांगली. हातोड्याचे घाव अंगणात ऐकू जात होते. बाहेर येऊन तिने घोसातला एक मणी तोडला आणि गोथार्डच्या तोंडात घातला.

"सांग. आंबट आहे?"

तो बराच वेळ चघळत राहिला. "नाही," तो पुटपुटला.

"माझ्याकडे नको. ऑटमारकडे बघून सांग."