तिच्या पोटात दुसरंच इंजिन

मी इंजिन बोलतोय. गाडीचंच, पण गाडीत नसलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये दाराआड दोन फळ्यांवर बसवलेला काळा, तेलकट ऐवज दिसतोय ना, तो मी. डोक्यावर रंगाचे डाग पडलेलं पोतं आहे आणि पोत्यावर चहाचा रिकामा कप. कुणी ठेवला विचारू नका. जो येतो तो ठेवतो.

समोर हिरवीगार जीप उभी आहे ती माझी. माझी म्हणायचं ते सवयीने. आता तिच्या पोटात दुसरंच इंजिन आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वितळलेल्या लोखंडाला कुणी बारसं करत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते तिच्यात बसवलं तेव्हा. तिचं बॉनेट लावताना खट्ट आवाज झाला आणि मला वाटलं, चला, घर मिळालं.

आमच्या मालकाला सगळे तारवाले अण्णा म्हणायचे. डोंगरापलीकडे गेलेल्या विजेच्या तारा आणि खांब तपासायचं त्यांचं काम. तिकडे रस्ता नावाची गोष्ट नव्हती. ओढ्यातून, दगडांवरून, कधी नुसत्या चिखलातून जायचं. चारही चाकं एकदम ओढायला लागली की माझा जीव मेटाकुटीला यायचा, आणि खरं सांगतो, तेव्हाच मला सगळ्यात बरं वाटायचं. अण्णा डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास, एवढा चढ काढ, मग वाटेल तेवढा खोक."

खोकायचो मी, हे खोटं नाही. माझा आवाज काही गोड नव्हता. तीन ठोके सरळ आणि चौथा जरा मागे राहून, घसा खाकरल्यासारखा. वळणावर मी आलो की अण्णांची बायको चहाला आधण ठेवायची आणि मुलगा अभ्यासाचं सोंग घ्यायचा. पुढे ती माउली गेली, अण्णा निवृत्त झाले, आणि काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू पुसत नेली. गाडी घरामागे झाडाखाली उभी राहिली. पाऊस पडायचा आणि पाणी कुठून कुठून माझ्या पोटात उतरायचं. गंजाचा आवाज होत नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते मुलाचं. तो आता बाप्या माणूस आहे, दवाखान्यात एक्स-रे काढतो. एका सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी ढकलत शेडमध्ये आणली आणि बायकोला म्हणाला, "अण्णांना हात धरून का होईना, चालता येतंय. तोवर एकदा त्यांना त्यांच्या गाडीत बसवायचंय. एकदा त्यांनी म्हणायला हवं, ही माझी गाडी."

मग काय विचारता! एकेक भाग सुटा झाला. शेजारच्या काकू भिंतीवरून मान काढून उभ्याच.

"काय रे, माणसांची हाडं बघून पोट भरलं नाही, आता गाडीची काढलीस?"

"काकू, पडाल तिथून."

"पडले तर फोटो तूच काढशील की! फुकट काढ म्हणजे झालं."

मुलगा हाताचा पक्का. डॅशबोर्डच्या आत, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथला मूळ रंग खरवडून त्याने तसाच हिरवा जुळवून आणला. सुनेने ताडपत्रीचं छत शिवलं, तिच्या मशीनच्या सुया मोडल्या तरी शिवलं. सीट नव्या, स्टिअरिंगवर नवं कातडं. दिव्यांच्या कडा अशा चमकवल्या की काकूंनी त्यात बघून टिकली सारखी केली.

आणि मी? गॅरेजवाल्याने मला दोनदा ठोकलं, शाफ्टला पाना लावून लोंबकळला आणि म्हणाला, "जाम आहे. विसर. दुसरं बसव, आठवड्यात गाडी रस्त्यावर."

मला साखळीने वर उचललं, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिचं बॉनेट उघडं होतं. आत एवढी मोठी पोकळी असते हे मला तेव्हा कळलं. आत होतो तेव्हा कसं कळणार?

"अण्णांना सांगणार का, इंजिन बदललंय म्हणून?" सुनेने विचारलं.

"कशाला? जिवाला लावून घेतील. वरून थोडंच काही दिसतंय?"

"त्यांना वरचंही कुठे दिसतंय!" ती म्हणाली. पण त्याने ग्राइंडर चालू केला होता. ठिणग्यांत तिचं वाक्य विरून गेलं.

नवं इंजिन आलं. वाईट नाही हो बिचारं. एका मोटारीतून काढलेलं, गुळगुळीत चालणारं, कुणाला त्रास न देणारं. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा ती जरा थरथरली आणि मी या फळ्यांवर दात आवळून बसलो. दात आहेत मला, गिअरचे. नंतर मी रोज तेवढंच बघत राहिलो. तिची चाकं हलली की माझं काहीतरी आतून हलायला बघायचं आणि हलायचं नाही.

तो दिवस उजाडला. मुलाने अण्णांना हात धरून शेडमध्ये आणलं. सून मागे, काकू भिंत सोडून थेट आतच. अण्णांनी स्वच्छ सदरा घातला होता. मुलाने त्यांना चालकाच्या जागी बसवलं आणि सांगायला लागला, "अण्णा, रंग अगदी तोच. दिवे तेच. नंबरपट्टीसुद्धा हाताने रंगवून घेतली."

अण्णांनी स्टिअरिंगवर हात फिरवला. सीटच्या कडेला बोटं घातली. काहीतरी शोधत होती ती बोटं. मुलाने किल्ली फिरवली. गाडी अगदी हळू, सभ्यपणे सुरू झाली. अण्णा मान कलती करून ऐकत बसले. मग हसून म्हणाले, "छान आहे हो. आरामशीर आहे. कुणाची म्हणायची?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. काकूंनीसुद्धा.

"अण्णा, आपलीच आहे ती."

"हो का?" अण्णा घाईघाईने म्हणाले. "हो, हो, आपलीच. माझं मेलं लक्ष नव्हतं."

मुलाने गाडी बंद केली. त्याचं तोंड मला दिसत होतं, अण्णांना दिसत नव्हतं, तेवढंच बरं. अण्णा उतरले. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला, मुलगा किल्ली काढत होता, म्हणून तो हात आला माझ्यावर. कप खाली पडून फुटला. पोतं सरकलं.

माझ्या झाकणाचे सगळे बोल्ट सारखे आहेत, एक सोडून. तो मोठ्या डोक्याचा आहे. मूळचा बोल्ट डोंगरात कुठेतरी गळला होता आणि अण्णांनी विजेच्या खांबाचा बोल्ट पिळून बसवला होता. त्यांची बोटं फिरत फिरत त्या बोल्टवर आली आणि तिथेच थांबली.

"हा इथे काय करतोय?" अण्णा म्हणाले. मग गाडीकडे हात करून, आवाज चढवून, "आणि तिथे कोण बसलंय?"

"जाम झालं होतं ते, अण्णा. गॅरेजवाला म्हणाला..."

"गॅरेजवाला म्हणाला! तू मला विचारलंस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"रंग दाखवतोय आंधळ्याला," अण्णा म्हणाले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, एकदम हसायलाच लागले. मुलगाही हसला, पण त्याला मध्येच ते जमेना. तो तिथेच खाली बसला आणि फुटलेल्या कपाचे तुकडे वेचू लागला.

आता माझं हेड उघडलंय. सिलिंडरांत पातळ तेल ओतून ठेवलंय, ते गंजात मुरतंय. संध्याकाळी अण्णा माझ्याशेजारी स्टूल टाकून बसतात. मुलगा पिस्टनवर लाकूड धरून ठोकतो आणि ते पंजा टेकवून सांगतात, "हा जरा हलला. तो पलीकडचा नाही. अरे हळू, पाहुणा आहे का तो, हाकलायला?" दोघं भांडतात. पूर्वी दिवसात चार वाक्यं बोलत नव्हते. पण एका सिलिंडरला बारीक तडा आहे. मुलाने तो पाहिलाय, अण्णांच्या नखाला तो लागलाय, आणि दोघांनीही एकमेकांना अजून सांगितलेलं नाही.

मी चालू होईन की नाही, मला माहीत नाही. गल्लीतल्या लोकांनो, ज्या कुणी यांचा मोठा पाना उसना नेलाय, त्याने तेवढा आणून टाकावा, त्यावाचून अडलंय. बाकी माझं मागणं फार नाही. मला ओढे नकोत, चढ नको, रस्तासुद्धा नको. एकदा तिच्या पोटात बसून तीन ठोके सरळ आणि चौथा खोकत, एवढंच वाजायचंय. त्या म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत तोवर.