यहूदाची थैली

किलियानने कापसाचा बोळा तोंडात ओला केला आणि चित्रातल्या यहूदाच्या हातातल्या थैलीवरून हलकेच फिरवला. जुनी चित्रं स्वच्छ करायला थुंकीसारखं औषध नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आल्मुट शेजारी परांचीवर दिवा धरून उभी होती. ती या गावच्या चर्चची पाळक. खरं तर तिचं खाली काम होतं, पण चित्र उघडल्यापासून तिचा पाय परांचीवरून निघत नव्हता.

बोळा काळा झाला. किलियानने तो टाकला, दुसरा घेतला, मग थांबला.

"पाळकबाई, दिवा जरा तिरपा धरा."

तिने धरला.

"ही थैली नंतर काढली आहे. चित्र वाळलं, त्यावर रोगण चढलं, आणि मग कधीतरी हिच्यावर ब्रश फिरला."

"नंतर म्हणजे कधी?"

"ते मला कसं कळणार? मी बांबेर्गचा कॅथलिक. तुमच्या प्रॉटेस्टंट गावची पापं तुम्हालाच ठाऊक."

जर्मनीतल्या हासेलब्रुनच्या वेदीमागचं, येशू आणि त्याच्या शिष्यांचं हे 'शेवटचं भोजन' वीस वर्षं पडद्याआड होतं. गावच्याच एका रंगाऱ्याने, एमिल त्स्वान्त्सिगरने, एकोणीसशे एकतीस साली ते काढलं होतं. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बारा शिष्यांना त्याने गावातल्या बारा माणसांचे चेहरे दिले होते. पाणचक्कीवाला, लोहार, गावचा मास्तर, बाकी बहुतेक शेतकरी. आणि पैशांसाठी येशूला पकडून देणाऱ्या, थैली घेतलेल्या यहूदाला चेहरा दिला होता लिपमान बेखहोफरचा. गुराढोरांचा व्यापार करणारा हा गावातला एकमेव यहुदी. लिपमानला आणि त्याच्या बायकोला बेचाळीस साली नाझींनी न्यूरेंबर्गहून गाडीत घालून पूर्वेकडे नेलं, ती दोघं परत आली नाहीत. देवाच्या घरात असलं चित्र नको, म्हणून चर्चच्या पंचांनी त्यावर पडदा ओढला होता. आता भिंतीला ओल आली, म्हणून तो काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी किलियानने रंगाच्या थरांखालचं दाखवणारा कॅमेरा आणला. संगणकाच्या पडद्यावर करडं चित्र उमटलं. थैलीच्या जागी लिपमानच्या मुठीत दोन मोठाल्या किल्ल्या होत्या.

आल्मुट पडद्यावर वाकली. स्वर्गराज्याच्या किल्ल्या येशूच्या कोणत्या शिष्याच्या हातात असतात, हे तिच्या रविवारच्या शाळेतलं पोरही सांगू शकलं असतं.

संध्याकाळी ती बाबेट आजींकडे गेली. आजी रंगाऱ्याची मुलगी. नव्वदीला टेकलेली, पण कान तल्लख. त्यांनी आलुबुखाऱ्याचा केक कापला आणि सगळं ऐकून घेतलं.

"किल्ल्यांवाला पेत्रच होता तो," आजी म्हणाल्या. "आमच्या स्वयंपाकघरात बसायचा. मी पाच-सहा वर्षांची असेन. सारखा हसायचा. बाबा ओरडायचे, लिपमान, पेत्र हसत नसतो रे. तो म्हणायचा, पेत्र कोळीच ना, मासे चांगले मिळाले तर का नाही हसणार?"

"मग थैली कधी आली?"

"छत्तीसच्या उन्हाळ्यात. बाबा शिडी घेऊन गेले, दोन दिवसांनी आले."

"कोणी धमकावलं होतं त्यांना? नाझी पक्षाच्या लोकांनी?"

आजींनी ताटलीतले कण बोटाने गोळा केले.

"कोणी चकार शब्द काढला नव्हता, बाई. तेच तर."

"आणि त्या रविवारी लोकांनी पाहिलं असेल ना?"

"पाहिलं की. आणि मग गीतं म्हटली."

पंचांची सभा मात्र आनंदात झाली. अध्यक्ष ओटमार ड्योलिंगर यांनी तर टेबलावर थाप मारली. थैली पुसायची, किल्ल्या वर आणायच्या, ईस्टरला चित्र उघडायचं. मूळ चित्र किती चांगलं होतं हे जगाला दिसू दे. वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलवू.

"ओटमार, पण मग तुझ्या आजोबांच्या हातातल्या किल्ल्या जातील," कोणीतरी म्हणालं. थैली रंगवली तेव्हाच नव्या किल्ल्या पाणचक्कीवाल्याच्या हातात आल्या होत्या, आणि तो पाणचक्कीवाला म्हणजे ओटमारचा आजोबा.

"जाऊ देत. म्हाताऱ्याला दारू प्यायल्यावर घराची किल्ली सापडायची नाही, स्वर्गाची काय सांभाळणार?"

सगळे हसले. आल्मुटही हसली. परगावाहून या गावात आल्याला तिला तीन वर्षं झाली होती, आणि सभेत इतकं मोकळं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

लिपमानची नात ग्रासिएला एप्रिलच्या सुरुवातीला ब्वेनोस आयरिसहून आली. आईचं गाव एकदा पाहायचं, एवढंच तिने कळवलं होतं. तिच्या आईला, हानाला, अडतीस साली बारा वर्षांची असताना काकांबरोबर अर्जेंटिनाला पाठवून दिलं होतं. ग्रासिएला साठीची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची. ती बोलू लागली आणि ओटमार बघतच राहिला. गावात आता कोणी बोलत नाही अशी जुनी, जाडीभरडी बोली तिच्या तोंडी होती.

"आमची आजी असं बोलायची," तो पुटपुटला.

"माझी आईपण. बुटाच्या नाडीला काय म्हणायचं ते मला तुमच्याच गावचं येतं, पुस्तकातलं नाही."

तिला परांचीवर चढवलं. आल्मुट मनात वाक्यं जुळवत होती: आम्हाला लाज वाटते, आम्हाला आनंदही होतो. पण ग्रासिएलाने त्या वाक्यांना जागाच दिली नाही. ती चित्राच्या अगदी जवळ गेली. तिच्याकडे आजोबांचा एकही फोटो नव्हता. तिने आपल्या कानाच्या पाळीला हात लावला, मग चित्रातल्या कानाकडे बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"हा हसतोय," ती म्हणाली.

"हो," आल्मुट म्हणाली.

"आई म्हणायची तो फार हसायचा. मला वाटायचं, मेलेल्यांबद्दल सगळेच असं म्हणतात."

मग खाली, पहिल्या बाकाजवळ, किलियानने तिला पडद्यावरच्या किल्ल्या दाखवल्या. बाबेट आजीही काठी टेकत आल्या होत्या. हाना त्यांच्याच वर्गात होती. आजींनी आणि ग्रासिएलाने हात हातात घेतले; त्यापुढे काय करायचं ते दोघींनाही सुचलं नाही. ओटमारने ईस्टरचा बेत सांगितला. यहूदाची थैली जाईल, पेत्राच्या किल्ल्या परत येतील.

ग्रासिएलाने नीट ऐकून घेतलं. ती रागावलेली दिसत नव्हती. कोडं घातलेल्या माणसासारखी पडद्याकडे बघत होती.

"म्हणजे पहिल्यांदा काढलं तेव्हा आजोबा पेत्र होते."

"हो."

"मग तेव्हा यहूदा कोण होता?"

आल्मुटने किलियानकडे पाहिलं, किलियानने ओटमारकडे. इतके दिवस सगळे एका मुठीतच डोकावत होते. बारा माणसं होती, म्हणजे एक यहूदा असणारच. पण हा प्रश्न आल्मुटच्या मनाला शिवलाही नव्हता, आणि तो का शिवला नाही, हे तिला त्या क्षणी फार स्वच्छ कळलं.

"कॅमेरा इथेच आहे," किलियान म्हणाला.

तो वर चढला आणि एकेका शिष्याच्या हातांवर कॅमेरा धरत गेला. खाली पडद्यावर एकामागून एक हात उमटू लागले. लोहाराचे हात, खाली तेच हात. मास्तरचे हात, खाली तेच. पाणचक्कीवाल्याच्या किल्ल्यांखाली रिकामी मूठ. ओटमारने श्वास सोडला. शेवटी डावं टोक राहिलं. तिथे एक बारीक चणीचा माणूस डोळे मिटून, हात जोडून बसला होता. चित्र काढणाऱ्याने एक चेहरा स्वतःचाही ठेवला होता.

पडद्यावर जोडलेले हात विरघळले. त्यांच्याखाली एकच हात दिसला, गच्च आवळलेला. मुठीत थैली होती, आणि तिची दोरी मनगटाभोवती दोनदा गुंडाळलेली.

किलियानने वरून विचारलं, "दिसलं का?"

"दिसलं," आल्मुट म्हणाली.

जुने चित्रकार कधीकधी असं करीत, हे तिने वाचलं होतं. सगळ्यांत वाईट माणसाच्या जागी स्वतःला बसवायचं. पाट्या रंगवणाऱ्या एमिलने एकतीस साली, कोणी न सांगता, ते केलं होतं. आणि पाच वर्षांनी, तेही कोणी न सांगता, थैली मनगटावरून सोडवून टेबलापलीकडच्या हातात दिली होती. स्वतःचे हात जोडून घेतले होते.

ओटमार घसा खाकरून म्हणाला, "आजी, तुम्ही जरा घरी जाता का? हे आपण नंतर बघू. किल्ल्यांचं ठरलंय तेवढं करू, बाकीचं राहू दे."

बाबेट आजी पडद्याकडे बघत होत्या. डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्याखाली त्या जन्मभर बसत आल्या होत्या. त्यांनी काठी उचलली, परांचीपर्यंत गेल्या आणि मान वर करून किलियानला विचारलं,

"हे जोडलेले हात पुसायला किती दिवस लागतील?"

"आठवडाभर. पण आजी, ते तुमच्या वडिलांनीच रंगवलेत. एकदा गेले की गेले."

"सगळं त्यांनीच रंगवलंय, बाळा."

त्या पुन्हा बाकापाशी आल्या. ग्रासिएला सरकली, त्यांना बसायला जागा करून दिली. आजी बसल्या, काठी दोन्ही हातांत धरून.

"मग आधी तिथून सुरू करा," त्या म्हणाल्या. "किल्ल्यांचं नंतर बघू."